गांवचें हायस्कूल आणि रयतेची लेक

खेड्यांतील हायस्कूल ही आज इतकी ओळखीची वस्तु झाली आहे कीं, ती कोणी तरी कष्टानें उभी केली असेल असें पोरांना तर राहोच, पण पोरांच्या बापांनाहि वाटत नाहीं. ओढा, पार, देऊळ आणि चावडी जशीं वाडवडिलांपासून गांवांत आहेत, तशीच ही पत्र्याची किंवा कौलांची लांब इमारतहि असावी, अशी सर्वांची समजूत. परंतु शेतकऱ्याच्या गांवांत हायस्कूल नव्हतें तो काळ फार दूरचा नाहीं. आणि एका वर्गांत एका बाजूस मुलगे व एका बाजूस मुली बसून दहावीपर्यंत शिकतात ही गोष्ट तर खेड्यांत पुष्कळच अलीकडची आहे. कष्टानें मिळविलेल्या वस्तूचा इतिहास विसरला म्हणजे ती वस्तु हातची जाण्यास वेळ लागत नाहीं. तशी वेळ आज कित्येक गांवांवर आली आहे, म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहोंत.

इंग्रजी अमलांत शाळा निघाल्या त्या कोणाच्या पैशानें व कोणाच्या पोरांसाठीं, हा प्रश्न पहिल्यानें रोखठोक विचारला तो जोतीराव फुल्यांनीं. शेतकरी सारा भरीत होता. साऱ्यावर रुपयामागें एक आणा लोकलफंड भरीत होता. आणि त्या फंडांतून जो वांटा शाळांकडे जाई त्याचें फळ मात्र शहरांत पिके. सन १८८२ मध्यें हंटर कमिशनापुढें जोतीरावांनीं जें निवेदन दिलें त्यांत त्यांनीं हेंच सांगितलें, कीं रयतेच्या घामाच्या पैशावर वरच्या वर्गांचें उच्च शिक्षण चालतें आणि रयतेचीं पोरें अक्षरशून्य राहतात. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें आणि मुलींच्या शिक्षणाची सोय अधिक सढळ हातानें करावी, अशी त्यांची मागणी होती. ही मागणी करण्याचा अधिकार त्यांनीं चौतीस वर्षें आधींच मिळविला होता. सन १८४८ सालीं पुण्यांत भिडे वाड्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढली व सावित्रीबाईंनीं तेथें शिकविलें. त्यांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे नांवाच्या मांग जातीच्या मुलीनें लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदया’त छापला गेला. अस्पृश्य मानलेल्या घरांतील चौदा-पंधरा वर्षांची पोर धर्माला आणि समाजाला जाब विचारते, हा या शिक्षणाचा पहिला दाखला होय.

परंतु पुढें काय झालें? मुलींचें हायस्कूल निघालें तें पुण्यांत, १८८४ सालीं हुजूरपागेंत. रानडे आदिकरून मंडळींनीं तें काढलें व त्याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. कारण तेव्हांच्या ‘केसरी’नें मुलींस इंग्रजी शिकविण्यावर कडक टीका केली असतांहि तें त्यांनीं चालविलें. तथापि सातारा, नगर किंवा सोलापूर जिल्ह्यांतील कुणब्याच्या, माळ्याच्या, कुंभाराच्या लेकीला हुजूरपागा काय आणि विलायत काय, दोन्ही सारखींच लांब होतीं. शेतकऱ्याच्या मुलालाहि मराठी सातवी म्हणजे व्हर्न्याक्युलर फायनल झाली कीं वाट संपे. इंग्रजी शाळा तालुक्याला किंवा जिल्ह्याला. तेथें राहण्याची सोय नाहीं, खानावळीला पैसा नाहीं, आणि ओळखीच्या घरीं वार लावून जेवावें म्हटलें तर जातीची अडचण. मुलाची ही गत, मग मुलीचें नांव कोण काढणार?

ही अडचण राहण्या-जेवण्याची आहे हें करवीरच्या शाहू छत्रपतींनीं बरोबर ओळखलें. सन १९०१ पासून त्यांनीं कोल्हापुरांत निरनिराळ्या जातींच्या मुलांकरितां वसतिगृहें उभीं केलीं. सन १९१७ मध्यें प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा हुकूम काढला, आणि मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा मोडून सर्व मुलांना एकाच शाळेंत बसविण्याचा हुकूम १९१९ चा. हा शेवटला हुकूम आमच्या आजच्या विषयाच्या फार जवळचा आहे. निराळी शाळा म्हणजे हलकी शाळा, हें महाराजांस ठाऊक होतें. निराळी शाळा काढली कीं तिला पडका वाडा मिळतो, जुनीं पुस्तकें मिळतात, आणि मास्तर मिळाला तर तो बदलीची वाट पाहणारा मिळतो. जें जातीच्या बाबतींत खरें तेंच खेड्यांतल्या मुलींच्या बाबतींतहि खरें आहे.

कोल्हापुरांतील जैन वसतिगृहांत तेव्हां एक दांडगा विद्यार्थी होता. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्‌घाटनाला तो गेला, आणि परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याचें त्यानें नाकारलें. म्हणून त्यास वसतिगृह सोडावें लागलें. हेच पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. जन्म कुंभोजचा, १८८७ चा. स्वतः मॅट्रिक झाले नाहींत. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकीत खेडोपाडीं हिंडले, आणि त्या हिंडण्यांत त्यांना खेड्याचें दुखणें कळलें. सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडजवळ काले गांवीं सत्यशोधक मंडळींच्या मेळाव्यांत ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं त्यांनीं रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. सन १९२४ मध्यें साताऱ्यास वसतिगृह निघालें. तेथें महार, मराठा, जैन, मुसलमान अशीं सर्व मुलें एका चुलीवरचें जेवीत. महात्मा गांधींनीं १९२७ सालीं येऊन तें पाहिलें आणि वसतिगृहास शाहू छत्रपतींचें नांव दिलें.

त्या चुलीमागें एक बाई होती हें आमच्या भगिनींनीं विशेष ध्यानांत ठेवावें. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं वसतिगृहांतील पोरांना दाणा कमी पडला तेव्हां अंगावरचे दागिने दिले आणि शेवटीं मंगळसूत्रहि दिलें. त्या १९३० सालीं वारल्या. हजारों शेतकऱ्यांच्या मुलांना हायस्कुलाची वाट ज्या माउलीच्या सोन्यानें मोकळी झाली, त्या माउलीच्या जातीला, म्हणजे स्त्रीजातीला, ती वाट मोकळी होण्यास त्यानंतरहि कैक वर्षें लागलीं. हें ऋण पुरुषांच्या डोक्यावर आहे.

पुढील पायऱ्या थोडक्यांत सांगतों. हायस्कूल काढावयाचें तर आधीं खेड्यांत प्राथमिक शाळा पाहिजेत आणि शाळेला मास्तर पाहिजेत, हा सरळ हिशेब धरून १९३५ मध्यें साताऱ्यास खेड्यांतील शिक्षकांसाठीं ट्रेनिंग कॉलेज निघालें. त्यांतून तयार झालेल्या मास्तरांनीं जेथें सरकारची शाळा पोंचली नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर व्हॉलंटरी शाळा चालविल्या. त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली. मग १९४० सालीं महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नांवें साताऱ्यास मोफत आणि वसतिगृहासह असें हायस्कूल झालें. मुलांनीं सकाळ-संध्याकाळ शेतांत राबावें आणि मधल्या वेळांत शिकावें. फीचा प्रश्न कुदळीनें सोडवावा. ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र तो हाच. गांधीजींच्या खुनानंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलें काढण्याचा संकल्प झाला. सरकारची गैरमर्जी होऊन त्याच सुमारास संस्थेचें अनुदान बंद पडलें; गाडगे महाराजांनीं मुख्यमंत्री खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि पुढें तें पुन्हां सुरू झालें. कर्मवीर १९५९ सालीं वारले, तोंपर्यंत हायस्कूल ही वस्तु तालुक्याची वेस ओलांडून खेड्यांत शिरली होती. आज एकट्या या संस्थेच्या माध्यमिक शाळा चारशेंच्या वर आहेत, आणि तिच्या धड्यावरून महाराष्ट्रांत इतर अनेक संस्था निघाल्या.

आतां मुली या हायस्कुलांत कशा आल्या तें पाहूं. कोणी मोठा ठराव करून त्या आल्या असें नाहीं. खेड्याच्या गरिबीनें त्यांना दार उघडलें. हायस्कूल चालवावयाचें म्हणजे गणिताला एक, इंग्रजीला एक, शास्त्राला एक असे निरनिराळे शिक्षक लागतात. पटावर पुरेशीं मुलें असलीं तर वर्ग टिकतो, वर्ग टिकला तर अनुदान येतें, अनुदान आलें तर मास्तर टिकतो. मुलग्यांसाठीं एक आणि मुलींसाठीं एक अशीं दोन हायस्कुलें चालविण्याची ऐपत कोणत्या खेड्याला होती? शहरांत तें जमलें, कारण तेथें वस्ती दाट आणि देणगीदार पुष्कळ. खेड्यांत एकच शाळा शक्य होती, म्हणून मुलगा-मुलगी एका छपराखालीं आलीं. मुलीच्या बेरजेनें मुलाचाहि वर्ग टिकला. म्हणजे गांवच्या मुलींनीं गांवच्या मुलांचें हायस्कूल जगविलें असें म्हटलें तरी तें खोटें होणार नाहीं. पुढें सवलतींची भर पडली. यशवंतराव चव्हाणांच्या कारकीर्दींत कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना ई. बी. सी. ची फीमाफी मिळाली. १९८० च्या दशकांत मुलींचें शालेय शिक्षण फुकट झालें. आणि अहिल्याबाई होळकर यांच्या नांवाच्या योजनेनें मुलीला शाळेपर्यंत एस. टी. चा प्रवास मोफत झाला.

याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात ते आम्हांस ठाऊक आहेत. शाळेच्या ओट्यावर आणि पारावर आम्ही ते नित्य ऐकतों. पहिला आक्षेप असा कीं, मोठ्या झालेल्या मुलीला मुलग्यांत बसविणें बरें दिसत नाहीं. आमचा उलट सवाल असा कीं, रयतेच्या घरीं बाई पुरुषांपासून निराळी कधीं होती? खुरपणीला, मळणीला, आठवड्याच्या बाजाराला कोण जातें? कोष्ट्याच्या घरीं बाईनें कांडी भरल्याशिवाय धोटा चालत नाहीं. लोहाराच्या भात्यावर त्याचीच बायको बसते. ऊसतोडीला तर नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरतात, आणि उचल त्या हिशेबानें घेतात. कामाला बाई पुरुषाच्या बरोबरीनें चालते, आणि अक्षराला मात्र तिनें आड बसावें, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला? गोषा ही वरच्या वाड्यांची रीत. ती आमच्या झोंपडीला परवडली नाहीं आणि शोभलीहि नाहीं.

दुसरा आक्षेप : मुलगी परक्याचें धन, तिच्या शिक्षणाचा फायदा सासरचे खाणार. बरें, मग तुमच्या घरीं जी सून येते ती कोणाची लेक? प्रत्येकानें असाच हिशेब केला तर गांवांतील प्रत्येक घरीं अडाणीच सून येईल, आणि नातवंडांच्या पाटीवर बोट ठेवून शिकविणारें घरांत कोणी राहणार नाहीं. शिवाय कायदा बदलला आहे. सन २००५ च्या दुरुस्तीनें वडिलार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाबरोबर झाला. सातबारा वाचतां न येणाऱ्या बहिणीपुढें हक्कसोडीचा कागद येतो आणि ती अंगठा देते; वाचतां येणारी बहीण निदान काय सोडीत आहे हें समजून सोडील किंवा सोडणार नाहीं. सन १९९३ पासून ग्रामपंचायतींत स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रांत त्या निम्म्या झाल्या. बाई सरपंच झाली आणि कागद नवऱ्यानें वाचले, म्हणजे खुर्ची तिची आणि कारभार दुसऱ्याचा. हा तमाशा बंद करण्याचें औषध गांवच्या हायस्कुलांत आहे.

तिसरा आक्षेप आम्हां शिक्षकांवर आहे, आणि तो अगदींच निराधार नाहीं. एका शाळेंत बसविलें म्हणजे समान वागविलें असें होत नाहीं. वर्ग झाडावयाचा तो मुलींनीं, पाहुण्यांना चहा न्यावयाचा तो मुलींनीं, स्वागताचें गाणें मुलींनीं म्हणावयाचें. घंटा, मैदान आणि प्रयोगशाळेची किल्ली मात्र मुलांच्या हातीं, असें कित्येक ठिकाणीं चालतें. मुतारीला दार नाहीं, दार आहे तर पाणी नाहीं. म्हणून वयांत आलेली मुलगी महिन्याचे चार दिवस घरीं बसते आणि गणितांत मागें पडते, आणि मग आपण म्हणतों मुलींना गणित येत नाहीं. मास्तरांनीं व संस्थाचालकांनीं आधीं हें घर झाडावें.

आतां मुख्य धोक्याकडे येतों. गेल्या कांहीं वर्षांत खेड्याच्या रस्त्यावर सकाळीं पिवळ्या गाड्या येऊं लागल्या आहेत. त्या मुलांना तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत नेतात. ज्या पाटलानें, ज्या सोसायटीच्या चेअरमननें, ज्या मास्तरानें आपलें शिक्षण या गांवच्या हायस्कुलांत केलें, त्यांचींच मुलें पहिल्यानें त्या गाडींत बसतात. इंग्रजी शिकवूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या गाडींत कोण बसतें तें एकदां उभे राहून पाहा. एका घरांत मुलगा व मुलगी असलीं आणि पैसा एकाचाच असला, तर गाडींत मुलगा बसतो आणि मुलगी दप्तर घेऊन पायीं गांवच्या शाळेंत जाते. समजा, एका वर्गांत बावीस मुलगे आणि अठरा मुली आहेत. त्यांतले बारा-पंधरा मुलगे गाडीनें गेले म्हणजे चाळिसाचा वर्ग पंचविसावर आला. पुढल्या वर्षीं आणखी कमी. पट घटला म्हणजे शिक्षक अतिरिक्त ठरतो, शिक्षक गेला म्हणजे इंग्रजी-गणित बंद पडतें, तें बंद पडलें म्हणजे उरलेलेहि जातात. सरकारचें लक्ष पटाच्या आंकड्यावर आहे. सन २००१ मध्यें ‘कायम विनाअनुदानित’ हें धोरण आलें, तेव्हांपासून कित्येक शाळांच्या शिक्षकांनीं बिनपगारी वर्षें काढलीं. सन २०२३ मध्यें वीसच्या आंत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची योजना पुढें आली, आणि २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानें खेड्यांतील शिक्षकवर्ग धास्तावला. शाळा दूर गेली कीं मुलगा सायकलीनें किंवा कोणाच्या मोटारसायकलीवर जाईल. मुलीला मात्र घरचे सांगतील, आतां पुरे झालें.

येथें कायदाहि हात आंखडतो. सन २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मोफत व सक्तीचें शिक्षण दिलें. नववीच्या उंबरठ्यावर तो थांबतो. आणि नेमकें नववी-दहावी हेंच वय असें आहे कीं ज्या वयांत पाहुणे ‘स्थळ’ घेऊन येऊं लागतात. सन २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २१.९ जणींचें लग्न अठरा पुरीं होण्याआधीं झालें होतें. म्हणजे पांचांत एकीहून अधिक! कायद्यानें गुन्हा असलेली गोष्ट पांचांतल्या एका घरीं मांडव घालून होते. ऊसतोडीच्या मुलुखांत तर लग्न केल्यानें जोडी होते, जोडी झाल्यानें कोयता होतो, आणि कोयता झाल्यानें उचल मिळते. मग मुलीचें वय कोण मोजतो? या चरकांतून मुलीला ओढून काढणारी खेड्यांत एकच जागा आहे, ती म्हणजे चालत जातां येईल अशा अंतरावरचें हायस्कूल. दहावीचा फॉर्म भरलेल्या मुलीचें लग्न बाप निदान परीक्षेपर्यंत तरी लांबवितो, हा आमच्या धंद्यांतील प्रत्येकाचा अनुभव आहे.

म्हणून आमचें वाचकांस सांगणें असें आहे. पहिलें, ज्यांना गांवांत चार माणसें मान देतात त्यांनीं आपला मुलगा गांवच्या हायस्कुलांत ठेवावा आणि तेथें इंग्रजी नीट शिकविलें जातें कीं नाहीं याची मास्तरांस जबाबदारी विचारावी. गाडीचे वर्षाचे पैसे जे वांचतील त्यांतला थोडा भाग शाळेच्या पुस्तकांना व प्रयोगशाळेला द्यावा. दुसरें, आठवीपर्यंतच्या शाळेच्या व्यवस्थापन समितींत कायद्यानें तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्या बायकांनीं नुसती सही करून उठूं नये. मुतारी, पाणी आणि मुलींची हजेरी हीं तीन खातीं स्वतः पाहावींत. तिसरें, दर जूनमध्यें ग्रामसभेंत आठवी झालेल्या मुलींची यादी मोठ्यानें वाचावी, आणि जी नववींत दिसत नाहीं तिच्या घरीं चार जाणत्यांनीं जावें. वाट लांब असेल तर एका वस्तीच्या मुलींनीं मिळून जावें, सायकली मिळवाव्या, एस. टी. च्या वेळेसाठीं आगाराकडे अर्ज द्यावा. चौथें, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांनीं मुलीला वसतिगृहांत किंवा आजीकडे ठेवावें. टोळीबरोबर नेऊन पांचट गोळा करावयास लावलेली पोर पुन्हां वर्गांत येणें कठीण असतें.

सरकारपाशींहि आमची मागणी स्पष्ट आहे. शिक्षणाचा हक्क आठवीवरून बारावीपर्यंत वाढवावा. पट मोजतांना खेड्यांतील मुलीचें अंतरहि मोजावें. आणि एक शाळा बंद करण्यापूर्वीं त्या गांवांतील किती मुलींचें शिक्षण तिच्याबरोबर बंद होईल याचा आंकडा ग्रामसभेपुढें ठेवावा. साऱ्यावरचा आणा भरणाऱ्या रयतेनें १८८२ सालीं जो हिशेब मागितला होता, तोच हिशेब तिची पणती आज मागत आहे.

बंधूंनो व भगिनींनो, गांवच्या हायस्कुलाची ही इमारत कोणी नुसती सरकारदरबाराहून आणून दिलेली नाहीं. तिच्यासाठीं कोणाच्या तरी आजोबानें जमीन सोडली, कोणीं दगड वाहिले, कोणीं दाणे दिले, आणि एका बाईनें गळ्यांतली पोत उतरून दिली. येत्या जूनमध्यें नांवें घालण्याची वेळ येईल तेव्हां मुलाचें व मुलीचें नांव एकाच दिवशीं, एकाच शाळेंत, एकाच रजिस्टरांत घाला. शाळा टिकविण्याचें काम तेथूनच सुरू होतें.